बागलकोटचे केतकर मास्तर आणि प्लूटो

प्लूटो हा ग्रह आहे की नाही, हा वाद २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग शहरात मतदान घेऊन मिटवण्यात आला. आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेनं ग्रहाची व्याख्या ठरवली आणि शाळेत आपण पाठ केलेला नववा ग्रह एका दिवसात बटुग्रह झाला. प्लूटोचा विषय निघाला की मराठी माणसांत एक गोष्ट हमखास सांगितली जाते. प्लूटो अमेरिकेत १९३० साली सापडला खरा, पण आपल्या एका ज्योतिर्विदानं तो एकोणीस वर्षं आधीच, १९११ साली, नुसत्या गणितानं सांगून ठेवला होता, ही ती गोष्ट. सांगणारा इथेच थांबतो, ऐकणारे खूश होतात, आणि त्या माणसाचं पूर्ण नाव विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

त्यांचं नाव व्यंकटेश बापूजी केतकर. ज्ञानकोशकार केतकर वेगळे. त्यांचं नाव श्रीधर व्यंकटेश, त्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो. पण हे दोघे बापलेक नव्हेत. आता वरची गोष्ट खरी की खोटी, असं विचाराल तर उत्तर एका वाक्यात देता येत नाही. आपल्याकडे पेपरात उत्तर बरोबर आलं तरी स्टेप्स तपासतात. केतकरांच्या बाबतीतही तेच करायला हवं, आणि ते करताना त्यांचं बाकीचं काम, ज्याची गोष्ट कुणी सांगत नाही, तेही बघायला हवं.

केतकरांचा जन्म १८ जानेवारी १८५४ चा, धारवाडकडच्या नरगुंदचा. नरगुंद हे तेव्हा भावे घराण्याचं छोटं संस्थान होतं. केतकर चार वर्षांचे असताना, १८५८ मध्ये, तिथल्या राजानं इंग्रजांविरुद्ध उठाव केला, त्याला बेळगावात फाशी झाली आणि संस्थान खालसा झालं. हा सगळा मुलूख मुंबई इलाख्याच्या दक्षिण टोकाचा. बाजारात कानडी, घरात मराठी आणि पोथीत संस्कृत, असा तिथला रिवाज. वडील बापूशास्त्री संस्कृत जाणणारे. मुलाचं शिक्षण बेळगावकडे झालं आणि १८७४ साली, विसाव्या वर्षी, तो सरकारी इंग्रजी शाळेत मास्तर झाला. पुढची कितीतरी वर्षं मास्तरकीच केली. बागलकोटचे केतकर मास्तर हीच त्यांची ओळख. ना वेधशाळा, ना मोठी दुर्बीण, ना हाताखाली कुणी असिस्टंट. दिवसा शाळा आणि उरलेल्या वेळात आकडेमोड.

आकडेमोड कशाची? तर पंचांगाची. हा शब्द वाचून पान उलटू नका. घोडपदेव-लालबागच्या पोराला पंचांग कळत नसेल, पण गणपती यंदा ऑगस्टात की सप्टेंबरात, हे त्याला वर्षाच्या सुरुवातीलाच लागतं. मंडळाची वर्गणी, मूर्तीची ऑर्डर, कोकणात जायचं रिझर्व्हेशन, सगळं त्या एका तारखेवर. ती तारीख कुठून येते? तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातलं आकाशातलं अंतर. ते दर बारा अंशांनी वाढलं की एक तिथी पुरी होते. म्हणजे पंचांग हे मुळात चंद्र-सूर्याच्या जागांचं टाइमटेबल आहे. टाइमटेबल चुकलं तर गाडी चुकते.

एकोणिसाव्या शतकात हे टाइमटेबल चांगलंच चुकलेलं होतं. महाराष्ट्रातले बहुतेक पंचांगकर्ते गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून गणित करत. कोकणातल्या नांदगावच्या या बुद्धिमान माणसानं १५२० च्या सुमारास तो रचला. त्याची करामत अशी की साइन-कोसाइन न वापरता, साध्या गुणाकार-भागाकारांनी ग्रह काढता येतात. सोपं म्हणून ते सगळीकडे पसरलं. पण सोपं करायचं म्हणजे कुठेतरी काटछाट आली, आणि दर वर्षाची बारीक चूक साडेतीनशे वर्षं साठत गेली की ती बारीक राहत नाही. शिवाय चंद्राच्या गतीत काही हेलकावे असे आहेत की जे जुन्या पद्धतीत धरलेच नव्हते. पौर्णिमा-अमावास्येला ते फारसे जाणवत नाहीत. त्यामुळे ग्रहणं बऱ्यापैकी जुळायची आणि सगळ्यांना वाटायचं की गणित ठीक आहे. अष्टमीच्या आसपास मात्र तिथी काही तासांनी चुकायची. आपल्या भाषेत सांगायचं तर ज्या दोन पॉइंटवर टेस्टिंग होत होतं, नेमके तेच दोन पॉइंट बरोबर येत होते.

ही चूक केतकरांच्या आधीही लोकांनी पाहिली होती. पुण्याचे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टकं’ छापली आणि १८६५ पासून नव्या गणिताचं पटवर्धनी पंचांग सुरू केलं. मूळचे नगरचे बापूदेवशास्त्री काशीला बसून तेच करत होते. पण ही पंचांगं इंग्रजांच्या नाविक पंचांगातून, म्हणजे नॉटिकल अल्मनॅकमधून, ग्रह घेत. तयार उत्तर बरोबर असतं, पण ते दुसऱ्याच्या वहीतलं असतं. गावोगावच्या जोशीबुवांना इंग्रजी येत नव्हतं, अल्मनॅक मिळत नव्हतं, आणि परक्याच्या पुस्तकावरून एकादशी ठरवायची हे त्यांच्या मनाला पटतही नव्हतं.

केतकरांनी इथे हात घातला. युरोपातली त्या वेळची ताजी कोष्टकं त्यांनी मुळातून अभ्यासली. त्यातलं गणित घेऊन त्यांनी संस्कृतात ‘ज्योतिर्गणित’ हा मोठा ग्रंथ रचला आणि पुढे ‘केतकी ग्रहगणित’ हा आटोपशीर ग्रंथ लिहिला, ग्रहलाघवाच्या धर्तीवर, श्लोकांत. आतला मजकूर न्यूटन-लाप्लासच्या परंपरेतला आणि भाषा जोशीबुवांची. चंद्राचे ते राहून गेलेले हेलकावे त्यात होते. ज्याला संस्कृत आणि गुणाकार येतो अशा कुठल्याही माणसानं स्वतः बसून ग्रह काढावा, कुणाच्या वहीत बघू नये, हा त्यामागचा हेतू. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिला, तेव्हा हयात गणित्यांमध्ये त्यांनी केतकरांची नोंद घेतली. तेव्हा केतकर चाळिशी नुकती ओलांडलेले होते.

गणित सुधारलं तरी एक भांडण उरलंच, आणि ते गणितानं सुटणारं नव्हतं. राशिचक्राची सुरुवात कुठून धरायची? पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो, त्यामुळे वसंतसंपात, म्हणजे २१ मार्चच्या सुमारास सूर्य जिथे असतो तो बिंदू, ताऱ्यांमधून दर बहात्तर वर्षांनी सुमारे एक अंश मागे सरकतो. आपली राशी-नक्षत्रं ताऱ्यांना बांधलेली, म्हणून शून्य अंश कुठल्या ताऱ्यावरून मोजायचा हे ठरवावं लागतं. वसंतसंपात त्या शून्यापासून किती सरकला, तो आकडा म्हणजे अयनांश. केरूनाना आणि त्यांच्या मागून लोकमान्य टिळक रेवतीतल्या झीटा पिशियम या अंधुक ताऱ्यावरून मोजत. केतकरांचं म्हणणं असं की चित्रा हा ठळक तारा बरोबर १८० अंशांवर धरावा आणि त्याच्या समोर शून्य. दोन पक्षांत फरक सुमारे चार अंशांचा. सूर्य रोज जवळजवळ एक अंश चालतो, म्हणजे संक्रांत चार दिवस पुढे-मागे. त्यामुळे एखाद्या वर्षी अधिक महिनाच वेगळा येतो आणि टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत गणपती इतरांच्या महिनाभर आधी बसतो. तुमच्या विंगमध्ये रत्नागिरीकडचा कुणी असेल तर त्याला विचारा.

या वादासाठी १९०४ साली मुंबईत पंचांग-परिषद भरली, पुढेही भरत राहिल्या. केतकर समोरच्या टिळकांसारख्या माणसापुढेही चित्रा सोडायला तयार झाले नाहीत. त्यांचा एकच धोशा होता. जे गणितानं काढलं ते आकाशात डोळ्यांना दिसलं पाहिजे. याला जुना शब्द आहे दृक्प्रत्यय. अंधुक तारा वेधाला कुचकामाचा, चित्रा कुणालाही सापडते.

आता १९११ कडे येऊ. केतकर सत्तावन्न वर्षांचे होते. फ्रान्सच्या ज्योतिष संस्थेच्या बुलेटिनमध्ये त्यांचा एक लेख मे महिन्यात छापून आला. ही संस्था कामिय फ्लामारिओंनी १८८७ साली पॅरिसला काढलेली. बागलकोटच्या मास्तरांचं टिपण तिथपर्यंत पोचलं हेच त्या काळात थोडंथोडकं नव्हतं. लेखात त्यांनी नेपच्यूनच्या पलीकडे दोन ग्रह असल्याचं सांगितलं आणि त्यांना नावं दिली ब्रह्मा आणि विष्णू. पृथ्वी-सूर्य अंतर एक धरलं तर ब्रह्मा सरासरी ३८.९५ वर, प्रदक्षिणाकाल २४२.२८ वर्षं. विष्णू सुमारे ५९.५७ वर, प्रदक्षिणाकाल ४६० वर्षांच्या आसपास.

हे आकडे आले कशावरून? गुरूच्या चंद्रांवरून. आयो, युरोपा आणि गॅनिमीड हे तीन चंद्र एकमेकांना रेझोनन्समध्ये बांधलेले आहेत. युरोपाची एक फेरी होते तेवढ्यात आयोच्या दोन होतात आणि गॅनिमीडची अर्धी. लाप्लासनं दाखवलं होतं की आयोची गती, वजा युरोपाच्या गतीची तिप्पट, अधिक गॅनिमीडच्या गतीची दुप्पट, याचं उत्तर शून्य येतं. केतकरांनी तसाच बंध युरेनस, नेपच्यून आणि पलीकडचे न दिसलेले ग्रह यांच्यात असल्याचं धरलं. कॅल्क्युलेटर काढा. गती म्हणजे एक भागिले प्रदक्षिणाकाल. युरेनसची ८४.०, नेपच्यूनची १६४.८ आणि ब्रह्माची २४२.२८ वर्षं घ्या. युरेनसची गती, वजा नेपच्यूनच्या गतीची चौपट, अधिक ब्रह्माच्या गतीची तिप्पट, असं करून पाहा. उत्तर शून्याला जवळजवळ चिकटतं. आकडे किती सुबक बसतात ते यावरून कळेल.

आता १९३० मधली गोष्ट. अमेरिकेत ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफ गावी लॉवेल वेधशाळा आहे. तिथे क्लाइड टॉम्बॉ नावाचा कॅन्ससच्या शेतकऱ्याचा चोवीस वर्षांचा मुलगा कामाला होता, तेव्हा त्याच्याकडे डिग्रीही नव्हती. आकाशाच्या एकाच तुकड्याचे काही दिवसांच्या अंतरानं फोटो घ्यायचे आणि दोन काचा यंत्रात आलटून पालटून बघायच्या. जो ठिपका हलतो तो तारा नव्हे. १८ फेब्रुवारी १९३० रोजी, जानेवारीतल्या दोन काचा बघताना, एक ठिपका हलला. १३ मार्चला शोध जाहीर झाला. प्लूटो हे नाव ऑक्सफर्डच्या व्हेनिशिया बर्नी नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीनं सुचवलं. कक्षा काढली तेव्हा सरासरी अंतर भरलं ३९.५ आणि प्रदक्षिणाकाल सुमारे २४८ वर्षं. ब्रह्माशी तुलना करा. अंतरात दीड टक्क्याच्या आत, कालात अडीच टक्क्यांच्या आत.

इतकं जुळतंय म्हटल्यावर छाती फुगते. पण आता स्टेप्स तपासू.

पहिली गोष्ट, हे दोन आकडे जुळले असं दिसत असलं तरी खरं म्हणजे एकच जुळलाय. केप्लरच्या तिसऱ्या नियमानं अंतर कळलं की प्रदक्षिणाकाल आपोआप येतो. दुसरी गोष्ट, ब्रह्मा आकाशात कुठल्या दिशेला आहे ते केतकरांनी दिलं नव्हतं. नुसतं अंतर कळून दुर्बीण कुठे रोखणार? तिसरी, गुरूच्या चंद्रांचा बंध भरती-ओहोटीच्या ओढीनं घट्ट झालेला आहे. युरेनस आणि नेपच्यून यांच्यात तसा बंध नाही; त्यांच्या कालांचं गुणोत्तर १.९६ आहे, दोनच्या जवळ, पण दोन नव्हे. वरच्या समीकरणात २४२.२८ च्या जागी प्लूटोची २४८ वर्षं टाकलीत तर शून्यापासूनचा फरक पंधरा पटींहून जास्त वाढतो. चौथी, विष्णू सापडलाच नाही. दोन भाकितांपैकी एक जवळ आलं आणि एक हुकलं. तेव्हा केतकरांनी प्लूटो शोधला असं म्हणता येत नाही.

मात्र एक मार्क हातचा राखून ठेवावा लागेल. प्लूटो खरोखरच रेझोनन्समध्ये आहे, फक्त तो एकट्या नेपच्यूनशी. नेपच्यूनच्या तीन प्रदक्षिणा होतात तेवढ्यात प्लूटोच्या बरोबर दोन. म्हणूनच प्लूटोची कक्षा नेपच्यूनच्या कक्षेच्या आत शिरत असूनही दोघांची टक्कर होत नाही. १९७९ ते १९९९ ही वीस वर्षं तर प्लूटो नेपच्यूनपेक्षा सूर्याला जवळ होता. सूर्यमालेच्या काठावरची वस्तू पूर्णांकांच्या बंधात असणार, हा केतकरांचा अंदाज बरोबर होता. बंध कुणाशी, ते चुकलं.

आणि अमेरिकेची बाजू तरी कुठे धड होती? वेधशाळेचे संस्थापक पर्सिव्हल लॉवेल १९१६ सालीच वारले. त्यांनी युरेनसच्या गतीतल्या गडबडीवरून पृथ्वीच्या जवळजवळ सातपट वस्तुमानाचा ग्रह सांगितला होता, दिशेसकट. प्लूटो त्या दिशेपासून सुमारे सहा अंशांवरच सापडला. सगळ्यांना वाटलं लॉवेल जिंकले. पण १९७८ साली प्लूटोचा चंद्र शेरॉन सापडला, त्याच्या फेरीवरून वस्तुमान काढता आलं आणि ते निघालं आपल्या चंद्राच्याही सहाव्या हिश्श्याएवढं. एवढीशी वस्तू युरेनसला काय ओढणार? व्हॉयेजर-२ यान १९८९ साली नेपच्यूनपाशी पोचल्यावर नेपच्यूनचं वस्तुमान नेमकं कळलं, ते घालून पुन्हा गणित केलं तेव्हा युरेनसची ती गडबडच नाहीशी झाली. म्हणजे लॉवेल यांचं उत्तरही योगायोगानंच जुळलेलं. प्लूटो गणितानं सापडला नाही. तो टॉम्बॉच्या चिकाटीनं, डोळ्यांनी सापडला.

पुढे १४ जुलै २०१५ रोजी न्यू होरायझन्स यान प्लूटोजवळून गेलं आणि तो ठिपका एक जग झाला. व्यास २,३७७ किलोमीटर, आपल्या चंद्राहून कमी. पृष्ठभागावर नायट्रोजनचं बर्फ, पाण्याच्या बर्फाचे डोंगर, उणे २३० अंशांच्या आसपास थंडी. दिवस आपल्या ६.४ दिवसांचा. पाच चंद्र, त्यातला शेरॉन इतका मोठा की दोघं एकमेकांकडे कायम तोंड करून फिरतात. सूर्याचा प्रकाश तिथे पोचायला सरासरी साडेपाच तास लागतात. पण त्या भागात त्याच्यासारखे आणखीही पुष्कळ आहेत. १९९२ पासून ते सापडू लागले, आणि २००५ साली जवळजवळ प्लूटोएवढा एरिस जाहीर झाल्यावर एकतर सगळ्यांना ग्रह म्हणा नाहीतर प्लूटोला काढा, अशी वेळ आली.

केतकरांचं निधन ३ ऑगस्ट १९३० रोजी विजापूरला झालं, प्लूटोची बातमी जाहीर झाल्यानंतर पाच महिन्यांच्या आत. त्याआधी, १९२३ साली, रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेनं, म्हणजे आपल्या फोर्टातल्या टाउन हॉलमधल्या संस्थेनं, त्यांचा कालगणनेवरचा इंग्रजी ग्रंथ काढला होता. इसवीसनापूर्वी ३१०२ पासून इसवीसन २१०० पर्यंतच्या तारखा काढायची कोष्टकं त्यात आहेत. शिलालेखावरच्या तिथीची तारीख काढायची तर असल्या कोष्टकांशिवाय पान हलत नाही.

आणि ते चार अंशांचं भांडण? स्वातंत्र्यानंतर भारत सरकारनं मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली दिनदर्शिका सुधारणा समिती नेमली. १९५५ च्या तिच्या अहवालात अयनांशासाठी जो आकडा घेतला, तो चित्रा १८० अंशांवर धरणाऱ्यांचा होता. २१ मार्च १९५६ रोजी २३ अंश १५ कला. केतकरांनी जी बाजू वर्षानुवर्षं लढवली तीच ही. आज महाराष्ट्रातली बहुतेक पंचांगं त्याच पक्षानं चालतात. घोडपदेवच्या चाळीत स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेलं, दुधाचा हिशेब लिहिलेलं कॅलेंडर घ्या. संकष्टी आणि चंद्रोदय त्यात मिनिटांपर्यंत दिलेले असतात आणि त्या मिनिटाला चंद्र खरोखर उगवतो. ही जी सवय आपल्याला लागली आहे, छापलेलं आणि दिसलेलं जुळलंच पाहिजे ही, तिच्यामागे केरूनाना, बापूदेवशास्त्री, दीक्षित आणि केतकर यांच्या दोन पिढ्या घासल्या आहेत. प्लूटोच्या गोष्टीत त्यांना हिरो करताना आपण नेमकं हेच विसरतो. दृक्प्रत्यय ही ज्याची कसोटी होती, त्याला न दिसलेल्या ग्रहाचं श्रेय चिकटवणं हा त्याचा मान नव्हे.

प्लूटो घोडपदेवच्या गच्चीवरून दिसणार नाही. तो चांगल्या मोठ्या दुर्बिणीलाही जड जातो. चित्रा मात्र मुंबईच्या दिव्यांतही दिसते. मे महिन्यात, सबमिशनच्या गडबडीतून वेळ काढून, रात्री दहाच्या सुमारास हॉस्टेलच्या गच्चीवर जा. सप्तर्षींच्या शेपटीची कमान तशीच पुढे ओढत नेलीत की आधी नारिंगी स्वाती लागते आणि तिच्याही पुढे, दक्षिणेकडे, एकटीच पांढरीशुभ्र चित्रा. केतकर मास्तरांनी शून्य मोजलं ते तिच्यावरून.